जांभळीच्या सालीवर काय काय राहतं!

एप्रिल-मे महिन्यात सातारा-सांगलीकडच्या डंकांपुढे पिशव्यांची रांग लागते. भाजलेली मिरची, धणे, तीळ, खोबरं, नागकेशर, तमालपत्र, बादयान आणि त्यात मूठभर दगडफूल. राखाडी-काळसर, कडा मुडपलेलं, हातात घेतलं तर वजनच लागत नाही. कोरडं हुंगलं तर फारसा वास येत नाही. तेलात परतलं की शेजारच्या घरालाही कळतं. कांदा-लसूण मसाल्याला त्याचा तो मातकट, खोल वास देणारं हे दगडफूल ना फूल आहे, ना पान, ना बी. ते शैवाक आहे. शास्त्राची पुस्तकं त्याला लायकेन म्हणतात. आणि नावात दगड असला तरी बाजारात येणारं बरंचसं दगडफूल झाडांच्या सालीवरच वाढलेलं असतं.

दगडफूल निदान डब्यात तरी जाऊन बसलं. त्याची जी भावंडं सालीला कायमची चिकटून राहतात, त्यांना मात्र कुणी विचारत नाही. खोडावरचा पांढरट डाग, करडा पट्टा, पिवळसर ठिपका, इतकंच आपण बघतो. पावसाळ्यानंतर महाबळेश्वरच्या रानात शिरा, दहापट मोठं दाखवणारं भिंग काढा आणि एखाद्या जांभळीच्या खोडाला नाक लावून उभे राहा. पुढचा अर्धा तास कसा गेला ते कळणार नाही.

जागा एकाची, पीक दोघांचं

शैवाक ही वनस्पती नाही आणि तो एकटा जीवही नाही. बुरशी आणि शैवल यांची ती भागीदारी आहे. बुरशी अंग घडवते, पाणी धरून ठेवते, कडक उन्हापासून आडोसा देते. शैवल उन्हावर साखर तयार करतं आणि त्यातला वाटा बुरशीला देतं. आपल्याकडे वाट्याने शेती करतात, तसाच हा करार. काही शैवाकांत शैवलाऐवजी नीलहरित जीवाणू असतात, काहींत दोन्ही. शास्त्रीय नाव मात्र बुरशीच्याच नावाने लागतं.

ही भागीदारी पहिल्यांदा ठामपणे मांडली सायमन श्वेंडेनर या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने, १८६७ च्या सुमारास. तेव्हाचे मोठमोठे शैवाकतज्ज्ञ त्याच्यावर तुटून पडले. आयुष्यभर ज्याचा अभ्यास केला तो एक जीवच नाही, हे पचणार कसं? शेवटी खरा ठरला श्वेंडेनरच. पुढे २०१६ मध्ये टोबी स्प्रिबिल आणि सहकाऱ्यांनी काही शैवाकांच्या वरच्या थरात एक यीस्टही राहतं, हे दाखवून दिलं. म्हणजे दोघांच्या घरात तिसराही निघाला, आणि दीडशे वर्षं तो कुणाला दिसला नव्हता.

खपली, पान आणि झुडूप

शैवाकांचे ढोबळ प्रकार तीन. पानासारखी पसरणारी, म्हणजे दगडफुलाच्या घराण्यातली. बोटांनी अलगद सुटतात. झुडपासारखी उभी राहणारी किंवा फांदीवरून दाढीसारखी लोंबणारी. आणि तिसरी खपलीसारखी. ही तिसरी मंडळी सालीत इतकी रुतलेली असतात की त्यांना साल सोडून वेगळं काढताच येत नाही. नमुना हवा असेल तर छिन्नी-हातोडी किंवा धारदार सुरीने सालीचा तुकडाच काढावा लागतो. म्हणूनच ती मसाल्यात येत नाहीत, आणि म्हणूनच बाजाराच्या तावडीतूनही सुटली आहेत.

वाढीचा वेग विचारू नका. खपलीची कित्येक शैवाकं वर्षाला एखादा मिलिमीटर पसरतात, काही त्याहूनही कमी. तळहाताएवढा डाग दिसला तर तो आपल्यापेक्षा वयाने मोठा असू शकतो, हे ध्यानात ठेवून हात लावा. आर्क्टिकच्या खडकांवर तर हजारो वर्षं वयाची शैवाकं असल्याचा अंदाज आहे.

सालीवर अक्षरं

खपलीच्या शैवाकांत सगळ्यात देखणं घराणं ग्राफिसचं. पांढरट पायावर काळ्या, बारीक, वळणदार रेघा. कुठे दोन फाटे फुटलेले, कुठे तिरपा फटकारा. कुणी घाईत लिहून गेल्यासारखं वाटतं. या रेघा म्हणजे बुरशीची फळं. प्रत्येक रेघेच्या मधोमध एक चीर असते आणि तिच्यातून बीजाणू बाहेर पडतात. ते बीजाणू काचपट्टीवर घेऊन आयोडीनचा थेंब टाकला तर यातल्या बऱ्याच जातींचे बीजाणू जांभळे होतात. शाळेत बटाट्यावर आयोडीन टाकून निळा रंग बघितलेल्या कुणालाही हा प्रयोग आवडेल.

त्याच खोडावर थोडं बाजूला बघा. दोन शैवाकं जिथे एकमेकांना भिडतात तिथे अनेकदा काळी रेघ असते. ती त्यांची हद्द. कधी चार-पाच जाती एकाच खोडावर दाटीवाटीने असतात आणि हद्दींच्या रेघांनी सगळ्या सालीचा नकाशा तयार होतो. पायरेन्युलासारख्या शैवाकांत रेघांऐवजी काळे, चकचकीत, टाचणीच्या टोकाएवढे उंचवटे दिसतात. त्यांचे तपकिरी बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासारखे असतात: आत भिंगाच्या आकाराचे कप्पे एका ओळीत मांडलेले.

हिरवं म्हणायचं, दिसायचं नारिंगी

पावसाळी डोंगराळ भागात झाडांच्या बुंध्यांवर आणि जुन्या दगडी भिंतींवर नारिंगी-तांबूस थर चढतो. पाहणाऱ्याला तो गंज वाटतो, नाहीतर रंग उडालेला वाटतो. ते ट्रेंटेपोलिया नावाचं शैवल आहे, आणि शास्त्रात त्याची गणना हिरव्या शैवलांत होते! त्याच्या पेशींत गाजरातल्यासारखं कॅरोटीन इतकं ठासून भरलेलं असतं की हिरवा रंग झाकून जातो. हेच ट्रेंटेपोलिया ग्राफिस, पायरेन्युला आणि ट्रायपेथेलियम यांच्या बुरशांचं भागीदार आहे. खाली पडलेल्या काटकीवर असं एखादं शैवाक मिळालं तर नखाने हळूच खरवडा: पांढऱ्याखाली पिवळट-नारिंगी झाक दिसते. उभ्या झाडावर हा उद्योग करू नये. पडलेल्या काटक्या भरपूर मिळतात.

औषधाच्या पेटीतून आलेलं शैवाक

ही माझी सर्वांत आवडती गोष्ट.

वेस्ट इंडीजच्या बेटांवर कॅस्करिला नावाचं एक झाड आहे. त्याच्या शास्त्रीय नावातला ‘एल्युटेरिया’ बहामातल्या एल्युथेरा बेटावरून आला. तापावरचं औषध म्हणून त्याची साल जहाजाने युरोपात जायची. साल गेली, तर सालीवरचं शैवाकही गेलं. १८०४ मध्ये कुर्ट स्प्रेंगेल या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला नाव दिलं, ट्रायपेथेलियम एल्युटेरिए. सालीवर पिवळसर-तपकिरी फुगवटे आणि प्रत्येक फुगवट्यावर काळ्या ठिपक्यांची गर्दी. फुगवटा कापला तर आत पिवळा-नारिंगी रंग, आणि त्यावर पोटॅशचा थेंब पडला की तो लालभडक. हे शैवाक जगभरच्या उष्ण प्रदेशांत सापडतं, भारतातही त्याची नोंद आहे.

पुढे अपोलिनेर फे या फ्रेंच माणसाने कमालच केली. तो लष्करात औषधतज्ज्ञ होता. दक्षिण अमेरिकेतून येणारी सिंकोनाची, म्हणजे कोयनेलची साल त्याच्या हाताखालून जायची. जंगलात पाऊल न टाकता त्याने या आयात सालींवरची शैवाकं तपासली आणि १८२४ पासून त्यांच्यावर मोठा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. उष्ण कटिबंधातल्या सालीवरच्या कित्येक जाती विज्ञानाला पहिल्यांदा कळल्या त्या अशा, औषधाच्या गाठोड्यांतून.

सिंकोनाचा सातारा जिल्ह्याशीही संबंध आहे. इंग्रज सरकारने १८६० च्या दशकात महाबळेश्वरजवळ लिंगमळ्याला सिंकोनाची लागवड करून पाहिली. ती तग धरू शकली नाही. आज लोक लिंगमळ्याला धबधबा बघायला जातात. धबधब्याच्या वाटेवरची खोडंही बघा, एवढंच सांगेन.

पुण्यातलं कपाट

ज्याला अशा खपल्यांची नावं हवीत त्याला पुण्याला जावं लागतं. शंकर पुरुषोत्तम आघारकर हे मालवणचे वनस्पतिशास्त्रज्ञ. १९४६ मध्ये पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी राहिली ती त्यांच्या पुढाकाराने. १९९२ पासून ती संस्था आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. तिच्या संग्रहालयाला कवकशास्त्रज्ञ आजरेकरांचं नाव आहे. तिथे कागदी पाकिटांत सालीचे तुकडे जपून ठेवले आहेत, आणि पश्चिम घाटातल्या शैवाकांचा अभ्यास त्यांच्यावरूनच उभा राहिला. पी. जी. पटवर्धन आणि ऊर्मिला मखिजा यांनी या कामाला आयुष्य दिलं. खपलीची शैवाकं ओळखणं किचकट म्हणून अनेक अभ्यासक पानासारख्या जातींकडे वळतात. या दोघांनी नेमका अवघड भाग उचलला: भारतातल्या ट्रायपेथेलियमचा आढावा त्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केला, आणि अंदमानच्या बेटांवरच्या जंगलांतली शैवाकंही अभ्यासली. बेटावरच्या सालीचा उलगडा पुण्यातल्या टेबलावर झाला, हे मराठी वाचकांना ठाऊक असायला हवं.

ते काम थांबलेलं नाही. २०२५ मध्ये याच संस्थेच्या संशोधकांनी पश्चिम घाटातून खपलीच्या शैवाकाची एक नवी जात जाहीर केली: ॲलोग्राफा एफ्युसोसोरेडिका. ग्राफिसच्याच घराण्यातली. तिच्या अंगावर भुकटीसारखी पूड पसरलेली असते. त्या पुडीच्या प्रत्येक कणात बुरशीचे धागे आणि शैवलाच्या पेशी एकत्र बांधलेल्या असतात. वाऱ्याने किंवा पावसाच्या थेंबाने कण उडाला आणि योग्य सालीवर पडला की नवा संसार सुरू. बीजाणूचं तसं नसतं. तो एकटाच निघतो आणि पोचल्यावर शैवल शोधत बसतो. या जातीत नॉरस्टिक्टिक आम्ल सापडलं, जे तिच्या गटात क्वचितच असतं. ओळख पटवायला डीएनएचीही मदत घेतली गेली. आणि भागीदार कोण? तेच नारिंगी ट्रेंटेपोलिया.

नोटा तपासायचा दिवा

खोट्या नोटा ओळखायला दुकानदार जांभळा दिवा वापरतात. तसल्याच अतिनील दिव्याखाली शैवाकतज्ज्ञ सालीचे तुकडे धरतात. काही खपल्यांत लायकेझँथोन नावाचं द्रव्य असतं आणि त्या अंधारात पिवळ्याजर्द उजळतात. शेजारची, दिसायला अगदी तशीच खपली काळीच राहते. एका क्षणात दोन जाती वेगळ्या! रसायनांचे थेंब हा दुसरा मार्ग. नॉरस्टिक्टिक आम्ल असलेल्या खपलीवर पोटॅशचा थेंब टाकला तर आधी पिवळा रंग येतो, मग गडद लाल. शैवाकं अशी शेकडो द्रव्यं बनवतात. त्यातली पुष्कळ दुसऱ्या कुठल्याच जीवात सापडत नाहीत.

महाबळेश्वर ते म्हसवड

शैवाकं बघायला सातारा-सांगलीसारखी जागा नाही, असं मला वाटतं. कारण पाऊस. महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटर उंचीवर, वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला माण तालुक्यात, दहिवडी-म्हसवडकडे, पाचशेच्या आसपास. सांगलीत तेच चित्र: पश्चिमेला शिराळ्याचा डोंगर आणि चांदोलीचं दाट जंगल, पूर्वेला आटपाडी आणि जत. एका दिवसाच्या प्रवासात हवा इतकी बदलते, तर सालीवरची वस्ती बदलणारच.

पश्चिमेच्या अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा यांच्या रानात सावली आणि दमट हवा. तिथे गुळगुळीत सालीवर ग्राफिस-पायरेन्युलाची मंडळी रमतात, वरच्या फांद्यांवर पानासारखी आणि लोंबणारी शैवाकं. पूर्वेकडे उघड्यावरच्या आंब्याच्या, बाभळीच्या खोडावर उन्हाला न घाबरणाऱ्या, सालीला घट्ट बसणाऱ्या जाती शोधायच्या. पिक्सिन आणि डिरिनारिया ही त्यातली ठरलेली नावं. मधला सागरेश्वरचा डोंगर वेगळ्याच कारणाने बघण्यासारखा आहे. धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने उघड्या माळावर लोकांनी झाडं लावली, जगवली आणि १९८५ मध्ये त्याचं अभयारण्य झालं. तिथली सालही तरुण. माणसाने उभ्या केलेल्या रानात शैवाकं कशी येऊन वसतात, हे एखाद्या महाविद्यालयाने वर्षानुवर्षं नोंदवत राहावं असं मला फार वाटतं.

आणि कासचं पठार? सप्टेंबरात सगळे फुलं बघतात. जांभ्या खडकावरची शैवाकं बारा महिने तिथेच असतात, तिकीट-रांग नसतानाही.

नुसत्या धुक्यावर जगणं

शैवाकाला मूळ नाही. जे काही घ्यायचं ते पाऊस, दव आणि धुकं यांच्यातून, सगळ्या अंगाने. उन्हाळ्यात ते वाळून कडक होतं, जगण्याचे सगळे व्यवहार जवळपास बंद. पाणी मिळालं की काही मिनिटांत पुन्हा कामाला लागतं. ज्यांचा भागीदार हिरवं शैवल आहे, त्यांना तर थेंबभर पाण्याचीही गरज नसते. दमट हवेतल्या वाफेवरच ती साखर बनवू लागतात. नीलहरित जीवाणूंच्या भागीदारांना मात्र खरंखुरं पाणी लागतं. घरी करून बघा: वाळलेल्या शैवाकाच्या काटकीवर पाण्याचा फवारा मारा. करडा रंग डोळ्यांदेखत हिरवट होतो, कारण भिजलेला वरचा थर पारदर्शक होऊन आतलं शैवल दिसू लागतं.

ही चिवटाई अवकाशातही टिकली. २००५ मध्ये युरोपीय अवकाश संस्थेने फोटॉन-एम२ यानातून दोन शैवाकं पाठवली, त्यातलं एक खपलीचं. सुमारे पंधरा दिवस ती उघड्या अवकाशात राहिली, हवा नाही, वर सूर्याचे कडक किरण. परत आणून भिजवल्यावर ती पुन्हा साखर बनवू लागली.

पण मोटारीच्या धुरापुढे, कोळशाच्या धुरापुढे हीच मंडळी हात टेकतात. मुळं नाहीत, गाळणी नाही, हवेतलं सगळं सरळ अंगात. १८६६ मध्ये विल्हेल्म नायलँडर याने पॅरिसमध्ये हे लिहून ठेवलं: शहरातल्या इतर भागांत न दिसणारी शैवाकं लक्झेंबर्ग बागेत होती, म्हणजे तिथली हवा बरी. गंमत अशी की श्वेंडेनरच्या भागीदारीच्या सिद्धांताला कडाडून विरोध करणाऱ्यांत हाच नायलँडर पुढे होता. लोंबणारी शैवाकं सगळ्यात आधी जातात. पिक्सिनसारखी काही शहरी रस्त्यांवरही तग धरतात. आपल्या शाळेच्या आवारातल्या आंब्यावर काय आहे, हे मुलांना बघायला लावा.

पटापट

शाळेतला लिटमस कागद शैवाकातूनच आला. समुद्रकाठच्या रोसेला नावाच्या शैवाकाचा तो रंग. प्राचीन इजिप्तमध्ये काही ममींच्या पोटात शैवाक भरलं होतं. आपल्याकडच्या अत्तरवाल्यांनाही दगडफूल लागतं, आयुर्वेदात ते शैलेय म्हणून येतं. निखार पक्षी घरटं बांधताना कोळ्याच्या जाळ्याने बाहेरून शैवाकाचे तुकडे चिकटवतो, मग फांदीवरचं घरटं फांदीचाच फुगवटा वाटतो. जगात शैवाकांच्या सुमारे २०,००० जाती. भारतात अडीच-तीन हजार.

झाडाला त्रास होतो का?

नाही. शैवाक झाडाचा रस पीत नाही. त्याला फक्त बसायला जागा हवी असते, तीही स्थिर. पेरू आणि निलगिरी सारखी साल टाकत राहतात, म्हणून त्यांच्यावर वस्ती विरळ. तासगावच्या द्राक्षबागेत तर शोधूच नका: वेलीची साल सुटत राहते आणि वरून मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण. बोर्डो बुरशीवरचं औषध, आणि शैवाकाचा मुख्य भागीदार बुरशीच.

शैवाकाला खरी हक्काची जागा म्हणजे जुनी झाडं. वैराटगडाच्या पायथ्याच्या म्हसवे गावातल्या वडाच्या पसाऱ्याचा घेर १८८२ मध्ये मोजला तेव्हा १,५८७ फूट भरला होता. मिरजेजवळच्या भोसे गावातल्या जुन्या वडासाठी २०२० मध्ये लोक उभे राहिले आणि महामार्गाचा आराखडा बदलावा लागला. अशा एका झाडाच्या सालीवर किती पिढ्यांची शैवाकं असतात, ते रोपवाटिकेतून आणलेली हजार रोपं उद्या भरून देऊ शकत नाहीत. म्हणून ग्रामपंचायतींना आणि रस्त्याच्या कामांवरच्या लोकांना एक मागणं: रस्त्याकडेच्या खोडांना गेरू-चुना फासताना सगळं खोड रंगवू नका. गाडीवाल्याला दिसायला एक अरुंद पट्टा पुरतो. त्याच्या वर आणि खाली साल मोकळी राहू द्या.

दगडफुलाचंही तेच. ते सावकाश वाढतं आणि पोत्यांनी गोळा होतं. डब्यात जुनं असेल तर आधी ते संपवा. वास कमी वाटला तरी तेलात परतल्यावर तो परत येतो.

बघायला निघालात तर दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस उत्तम: पाऊस सरलेला, साल अजून ओलसर, जळवा कमी. कोयना आणि चांदोलीच्या राखीव जंगलातून काहीही उचलायचं नाही, वाळकी काटकीसुद्धा नाही. तिथे फक्त भिंग आणि मोबाइलचा कॅमेरा. फोटो काढताना शेजारी एक रुपयाचं नाणं धरा, म्हणजे खपलीचं माप कळतं, आणि झाडाचं नाव लिहून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच खोडाचा, त्याच जागेचा फोटो घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवून मिलिमीटर मोजा.